स्लाइडवरचा आलेख उत्तर देऊ लागतो तेव्हा

मीटिंगमध्ये विक्रीची स्लाइड पडद्यावर असते. चार विभाग, बारा महिने, ठसठशीत स्तंभालेख. तेवढ्यात समोरून कुणीतरी विचारतं, "यात जुने ग्राहक किती आणि नवे किती?" प्रेझेंटेशन देणारा म्हणतो, "ती माहिती आहे आपल्याकडे, मीटिंग झाली की मेल करतो." विचारणारा मान डोलावतो खरा, पण पुढच्या स्लाइड त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्याचं मन त्या अनुत्तरित प्रश्नातच अडकलेलं असतं. मेल येते दुसऱ्या दिवशी, आणि तोवर निर्णय तरी झालेला असतो किंवा पुढे तरी ढकललेला असतो.

इंटरॅक्टिव्ह व्हिज्युअल कशासाठी, हे समजायला हा प्रसंग पुरेसा आहे. त्याच आलेखाच्या बाजूला "नवे ग्राहक" असं एक बटण असतं, त्यावर क्लिक करताच स्तंभ बदलले असते, तर उत्तर तिथल्या तिथे मिळालं असतं. हाताळला की बदलतो तो इंटरॅक्टिव्ह आलेख, एवढी साधी व्याख्या पुरते. हवा तेवढाच भाग गाळून बघणं, स्लायडर सरकवून "असं झालं तर?" तपासणं, नकाशावरच्या ठिपक्यावर माउस नेऊन आकडा वाचणं, श्रोत्यांनी फोनवरून नोंदवलेलं मत पडद्यावर उमटणं, हे सगळं यात येतं.

उडत येणारी अक्षरं आणि गरगरत उभा राहणारा पाय चार्ट मात्र यात येत नाही. तिथे हालचाल आहे, पण ती कुणाच्याच प्रश्नाला उत्तर देत नाही. प्रेझेंटेशन "आकर्षक" करण्याचे बहुतेक सल्ले या दोन गोष्टींची सरमिसळ करतात, आणि तिथूनच गाडी चुकते असं माझं ठाम मत आहे. हालचालीने नजर क्षणभर वळते. लक्ष टिकतं ते आपल्याला हवं ते इथे कळणार आहे, अशी खात्री पटल्यावर.

दोन वेगळी घराणी

हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकताना डॅन ब्रिकलिन यांना एक अडचण रोज दिसत होती. व्यवसायाचं गणित फळ्यावर तक्त्यात मांडलं जायचं. त्यातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागायचे. त्यातून ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी व्हिसिकॅल्क हा स्प्रेडशीट प्रोग्रॅम घडवला आणि १९७९ मध्ये तो ॲपल टू संगणकासाठी बाजारात आला. एक आकडा बदला, बाकीचे आपोआप बदलतील. व्यवसायाच्या जगात "असं झालं तर?" हा प्रश्न सेकंदात सोडवण्याची सुरुवात इथून झाली.

पॉवरपॉइंटची जन्मकथा वेगळी आहे. १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी आलेल्या पहिल्या आवृत्तीचं मुख्य काम होतं ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शिका तयार करणं, त्याही कृष्णधवल. म्हणजे स्लाइड हा मुळात छापलेला कागद. एकामागून एक ठेवायचा, आणि छापून झाल्यावर त्यात बदल नाही.

आजही बहुतेक प्रेझेंटेशनमध्ये हेच होतं. एक्सेलमध्ये जिवंत असलेलं गणित आपण चित्र म्हणून चिकटवतो आणि ते गोठतं. स्प्रेडशीटची उत्तर देण्याची ताकद स्लाइडवर आणणं, हे इंटरॅक्टिव्ह व्हिज्युअलचं खरं काम आहे.

आधी पूर्ण चित्र, मग हवं ते

सगळं हाताळता येईल असा आलेख करायचा म्हटलं की पहिला मोह होतो तो दिसेल तिथे बटण लावण्याचा. दहा फिल्टर, सहा ड्रॉपडाउन, कोपऱ्यात छोटा नकाशा. अशी स्लाइड उघडली की श्रोत्यांना पाहावं कुठे हेच कळत नाही.

मेरीलँड विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये यावर एक क्रम सुचवला होता आणि तो आजही तितकाच उपयोगी आहे. आधी संपूर्ण चित्र दाखवा, मग जवळ जाऊ द्या आणि नको ते गाळू द्या, आणि बारीक तपशील फक्त मागितला तरच द्या. विक्रीच्या उदाहरणात, पहिल्या क्षणी पडद्यावर वर्षभराची एकूण रेषा, बस. त्यानंतर विभाग किंवा ग्राहकाचा प्रकार निवडण्याची सोय. आणि एखाद्या महिन्यावर माउस नेला तरच त्या महिन्याचा नेमका आकडा. बाराही महिन्यांचे आकडे कायम छापून ठेवले तर रेषेचा चढउतार त्या गर्दीत हरवतो.

हा क्रम एकट्याने बसून माहिती चाळणाऱ्यासाठी आहे. प्रेझेंटेशनमध्ये मात्र बोलणारा असतो, त्याला काहीतरी सांगायचं असतं. मग सूत्र कुणाच्या हातात ठेवायचं? स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड सेगेल आणि जेफ्री हीअर यांनी बातम्यांमधली डझनावारी व्हिज्युअल तपासून २०१० मध्ये त्यांच्या रचना मांडल्या. त्यातल्या एकीला त्यांनी मार्टिनी ग्लास म्हटलं. ग्लासची दांडी अरुंद असते आणि वर तोंड उघडत जातं, तशी ही मांडणी. सुरुवातीला लेखक एकाच वाटेने नेतो, मुद्दा स्पष्ट करतो, आणि त्यानंतरच आलेख वाचकाच्या हाती सोडतो.

व्यवसायाच्या प्रेझेंटेशनला यापेक्षा चांगला सांगाडा मला माहीत नाही. पहिली काही मिनिटं तुमची. काय घडलं, कुठे घडलं, तुम्हाला काय सुचवायचं आहे ते सांगा. तोवर कुठलाही फिल्टर उघडू नका. मग थांबा आणि विचारा, "यातलं काय तपासून पाहायचं आहे?" इथून पुढची मिनिटं समोरच्यांची.

फिल्टर किती ठेवायचे? दोन, फार तर तीन. ते निवडताना तुमच्याकडे कोणती माहिती उपलब्ध आहे हे बघू नका, मागच्या मीटिंगमध्ये लोकांनी काय विचारलं होतं ते आठवा. तसेच प्रश्न पुन्हा येण्याची शक्यता दांडगी असते.

स्लायडरने वाद कसा मिटतो

मला सर्वात मोलाचा वाटणारा प्रकार म्हणजे "असं झालं तर?" विचारू देणारा आलेख. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका वस्तूची किंमत १००, एका नगामागे बदलता खर्च ६०, वर्षाला १०,००० नग विकले जातात आणि स्थिर खर्च, म्हणजे विक्री कितीही झाली तरी होणारा खर्च, ३ लाख आहे. नगामागे ४० उरतात, म्हणजे एकूण ४ लाख. त्यातून स्थिर खर्च वजा केला की नफा १ लाख.

आता किंमत १०५ करण्याचा प्रस्ताव आहे. विक्री विभाग म्हणतो, ग्राहक तुटतील. वित्त विभाग म्हणतो, फारसे तुटणार नाहीत. साध्या स्लाइडवर तुम्ही एकच गृहीतक मांडू शकता, समजा विक्री ५ टक्क्यांनी घटेल. मग नफा १,२७,५०० दिसतो. आणि लगेच पुढचा अर्धा तास "पाचच का?" यावर जातो.

त्याऐवजी पडद्यावर "विक्रीतली घट" असा एक स्लायडर ठेवा. ८ टक्क्यांवर नेला तर नफा १,१४,०००. १२ टक्क्यांवर नेला तर ९६,०००, म्हणजे आजच्यापेक्षा कमी. मधे ११ टक्क्यांच्या आसपास नफा आज आहे तिथेच राहतो. हे दिसताक्षणी चर्चेचा नूर पालटतो. नेमकी किती घट होईल यावर दोन्ही विभागांचं एकमत होण्याची गरजच उरत नाही. प्रश्न एवढाच उरतो, की घट ११ टक्क्यांच्या वर जाईल असं कुणाला वाटतं का, आणि कशावरून? एका मोघम भीतीला आकडा मिळतो, आणि आकड्याबद्दल शांतपणे बोलता येतं.

इथे स्लायडर समोरच्याच्या हाती द्या, किंवा निदान तो सांगेल तिथे न्या. स्वतःच्या गृहीतकावर आलेला निकाल माणूस सहज मान्य करतो. दुसऱ्याने आणून ठेवलेल्या निकालात मात्र तो खोट शोधत बसतो.

एक जबाबदारीही येते. स्लायडरची दोन टोकं तुम्ही ठरवता. तो ० ते १० टक्क्यांपर्यंतच सरकत असेल, तर वरच्या उदाहरणात किंमतवाढ कधीच तोट्याची दिसणार नाही. समोरच्याला वाटेल आपण सगळ्या शक्यता तपासल्या, आणि गैरसोयीची शक्यता तुम्ही आधीच कापून टाकलेली असेल. जिथे तुमचा प्रस्ताव फसतो, तिथपर्यंत स्लायडर गेलाच पाहिजे.

हलणारे बुडबुडे: रोसलिंग यांनी नेमकं काय केलं

हलत्या आलेखांचा विषय निघाला की स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांचं २००६ मधलं टेड व्याख्यान आठवतं. प्रत्येक देश म्हणजे एक बुडबुडा, लोकसंख्येइतका मोठा. १९६२ पासून वर्षं पुढे सरकत जातात तसे बुडबुडे मोठ्या कुटुंबांकडून लहान कुटुंबांकडे, अल्पायुष्याकडून दीर्घायुष्याकडे सरकतात. त्यामागचं ट्रेंडालायझर हे सॉफ्टवेअर २००७ मध्ये गूगलने विकत घेतलं. त्यानंतर बुडबुड्यांचे आलेख कंपन्यांच्या प्रेझेंटेशनमध्येही दिसू लागले. फार थोड्यांना तो परिणाम साधला.

ते व्याख्यान पुन्हा पाहा, म्हणजे कारण सापडेल. रोसलिंग यांनी आलेख लगेच चालू केला नाही. आधी आडवा अक्ष काय, उभा अक्ष काय, बुडबुड्याचा आकार म्हणजे काय, हे सांगितलं. कोपऱ्यातला हा गट म्हणजे औद्योगिक देश, हा दुसरा म्हणजे विकसनशील देश, अशी ओळख करून दिली. मग चालू केला, आणि चालू असताना कुठे पाहायचं ते अखंड सांगत राहिले. शंभराहून जास्त बुडबुडे एकाच वेळी हलत असताना डोळा त्यातले चारपाचच धरू शकतो. कोणते धरायचे ते सांगणारा माणूस नसेल तर उरते फक्त गंमत.

हे तपासूनही पाहिलं गेलं आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या जॉर्ज रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अशा हलत्या आलेखाची तुलना स्थिर आलेखांशी केली. सहभागी लोकांना ॲनिमेशन मजेदार आणि उत्साहवर्धक वाटलं. पण स्वतः माहितीचा अर्थ लावायची वेळ आली तेव्हा स्थिर आलेख लक्षणीयरीत्या वेगवान ठरले, आणि शेजारी शेजारी मांडलेल्या छोट्या छोट्या आलेखांत चुका कमी झाल्या.

प्रेझेंटेशन करणाऱ्याने यातून घ्यायचं ते असं. बदल घडताना दाखवायचा असेल, आणि बोट ठेवून सांगणारे तुम्ही समोर असाल, तर ॲनिमेशन वापरा. लोकांना तुलना करायची असेल तर दोन स्थिती शेजारी ठेवा. आधीची स्थिती पुसून नवी आणली तर तुलनेचा सगळा भार श्रोत्याच्या स्मरणशक्तीवर पडतो, आणि तो तिला पेलत नाही.

अक्ष गुपचूप बदलतो

हा दोष इतका सर्रास दिसतो आणि इतका घातक आहे, की त्यावर जरा थांबायला हवं. बहुतेक सॉफ्टवेअर माहितीनुसार उभ्या अक्षाची मर्यादा आपोआप ठरवतं. "सर्व विभाग" निवडलं असताना अक्ष ० ते १,००० असतो. तुम्ही सर्वात लहान विभागावर क्लिक करता, अक्ष ० ते ५० होतो, आणि त्या विभागाचे स्तंभही पडदाभर उंच दिसतात. खोलीतल्या लोकांचं लक्ष स्तंभांवर असतं, अक्षावरच्या बारीक आकड्यांवर नव्हे. सगळेच विभाग सारखेच जोमात आहेत अशी समजूत घेऊन ते बाहेर पडतात. कुणीही खोटं बोललेलं नसतं, तरी खोटं पोहोचलेलं असतं.

उपाय दोन मिनिटांचा आहे. अक्षाच्या सेटिंगमध्ये किमान आणि कमाल मर्यादा स्वतः टाकून पक्की करा. लहान विभागाचे स्तंभ त्यामुळे बुटके दिसतील, आणि ते बुटके आहेत हीच तर माहिती आहे. त्यांचा आतला चढउतार दाखवायचाच असेल तर त्यासाठी वेगळा आलेख ठेवा आणि मोजपट्टी बदलली आहे हे तोंडाने सांगा.

रंगाचंही तसंच. एका फिल्टरला निळा म्हणजे ऑनलाइन विक्री आणि दुसऱ्या फिल्टरला निळा म्हणजे दुकानातली विक्री, असं कधीही होऊ देऊ नका. आणि नफा हिरवा, तोटा लाल एवढ्यावर भिस्त ठेवू नका. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये सुमारे ८ टक्के लोकांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. निळा-नारिंगी जोडी घ्या किंवा सोबत वर-खालचे बाण द्या.

आधी अंदाज, मग आकडा

श्रोत्यांना सहभागी करायचं म्हणून मेंटिमीटर किंवा स्लायडो अशा ऑनलाइन साधनांवर फोनवरून मतदान घेतलं जातं. सोय चांगली आहे, पण "आजचा मूड कसा आहे?" असले प्रश्न विचारून ती वाया घालवली जाते.

न्यूयॉर्क टाइम्सने २०१५ मध्ये एक वेगळा आलेख केला. पालकांचं उत्पन्न आणि मुलांचं कॉलेजात जाण्याचं प्रमाण यांचा संबंध त्यात होता, पण रेषा काढलेलीच नव्हती. वाचकाने आधी स्वतःच्या अंदाजाची रेषा काढायची, त्यानंतर खरी रेषा दिसायची. २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी हा प्रकार प्रयोगाने तपासला, तेव्हा स्वतःचा अंदाज रेखाटून मग खऱ्या माहितीशी ताडून पाहणाऱ्यांना ती माहिती जास्त चांगली लक्षात राहिल्याचं आढळलं.

मीटिंगमध्ये हे सहज करता येतं. "आपल्या तक्रारींपैकी किती टक्के डिलिव्हरीच्या उशिरामुळे येतात?" असं विचारा. उत्तरं फोनवरून येऊ द्या, त्यांचा पसारा पडद्यावर दिसू द्या, आणि मगच खरा आकडा उघडा. आपला अंदाज किती चुकला हे कळल्यावर माणूस "का?" विचारतो, आणि तिथून खरी चर्चा सुरू होते. उत्तरं निनावी ठेवा, नाहीतर सगळे साहेबांचा अंदाज काय असेल याचाच अंदाज बांधत बसतील.

साधनं आणि त्यातल्या खाचा

नवीन काही विकत न घेता बरंच जमतं. पॉवरपॉइंटमधल्या "झूम" सुविधेने एका मुख्य स्लाइडवरून हव्या त्या भागात जाऊन परत येता येतं, म्हणजे चर्चा जाईल तसा क्रम बदलता येतो. स्लाइड शो चालू असताना स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट ती स्लाइड उघडते, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. "मॉर्फ" संक्रमणाने एका स्लाइडवरच्या आकृती पुढच्या स्लाइडवरच्या जागी सरकत जातात. कोणती आकृती कोणत्या आकृतीत बदलायची हे सॉफ्टवेअरला कळत नसेल, तर सिलेक्शन पेनमध्ये, म्हणजे स्लाइडवरच्या सगळ्या वस्तूंची नावं दाखवणाऱ्या यादीत, दोन्हींना एकच नाव द्या आणि नावाच्या सुरुवातीला दोन उद्गारचिन्हं टाका.

एक्सेलमधले स्लायसर, म्हणजे क्लिक करून गाळायची बटणं, २०१० च्या आवृत्तीपासून आहेत. पण एक्सेलचा आलेख स्लाइडवर चिकटवला की शो चालू असताना ते स्लायसर चालत नाहीत. तेवढ्यापुरतं एक्सेल उघडून दाखवा, किंवा पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या डॅशबोर्ड साधनातला अहवाल त्याच्या ॲड-इनमधून, म्हणजे पॉवरपॉइंटला जोडायच्या पूरक भागातून, स्लाइडवर बसवा. तो शोमध्येही क्लिकला प्रतिसाद देतो, मात्र त्याला इंटरनेट आणि लॉगिन लागतं.

आता सर्वात मोठी खाच. एक्सेलचा आलेख स्लाइडमध्ये अंतर्भूत केला, तर त्यासोबत अख्खं वर्कबुक फाइलमध्ये जाऊन बसू शकतं, न दाखवलेल्या शीटसकट. ती फाइल ग्राहकाला पाठवलीत, त्याने आलेखावर राइट क्लिक करून माहिती उघडली, की तुमचे खरेदीचे दर त्याच्यासमोर. बाहेर जाणाऱ्या फाइलसाठी फक्त लागतील तेवढ्या आकड्यांचं नवीन वर्कबुक करा किंवा आलेख चित्र म्हणून चिकटवा.

फिल्टरमुळेही गुपितं फुटतात. कर्मचाऱ्यांचं निनावी सर्वेक्षण विभागानुसार, वयानुसार, मग सेवेच्या वर्षांनुसार गाळत गेलात की शेवटी एकच माणूस उरतो, आणि त्याचं निनावी मत साऱ्या खोलीसमोर येतं. ठरावीक संख्येपेक्षा लहान गट दिसणारच नाही अशी मर्यादा आधीच घाला.

वेगाकडेही लक्ष द्या. उपयोगसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही धरल्या जातात. ०.१ सेकंदात प्रतिसाद आला तर तो तत्क्षणी वाटतो, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. मोठ्या डेटाबेसला थेट जोडलेला डॅशबोर्ड ऐन मीटिंगमध्ये चक्र फिरवत बसला, तर साध्या स्लाइडपेक्षाही वाईट. आकड्यांची आधीच बेरीज करून ठेवलेली, लहान, लॅपटॉपवरच असलेली फाइल वापरा. ऑनलाइन मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना हालचाल अडखळत पोहोचते, म्हणून तिथे क्लिक केल्यावर दोन सेकंद गप्प राहा.

सराव करताना बोलण्याइतकाच क्लिकचाही करा, आणि एखाद्या सहकाऱ्याला तुमच्या यादीत नसलेले प्रश्न विचारायला सांगा. ज्या प्रश्नाचं उत्तर आलेखात नाही, तिथे "हे यात नाही" असं सरळ सांगता आलं पाहिजे. इंटरनेट गेलं तर म्हणून महत्त्वाच्या तीनचार स्थितींचे स्क्रीनशॉट शेवटच्या स्लाइडवर ठेवा.

मीटिंगनंतर एक काम उरतं आणि ते हमखास राहून जातं. हलणारा आलेख नंतर उघडला की तो पुन्हा मूळ स्थितीत असतो. निर्णय ज्या स्थितीकडे पाहून झाला, तिची नोंद कुठेच नसते. म्हणून इतिवृत्तात त्या क्षणाचं चित्र जोडा आणि खाली लिहा: कोणता विभाग, कोणता कालावधी, स्लायडर किती टक्क्यांवर होता, आकडे कोणत्या तारखेपर्यंतचे होते. सहा महिन्यांनी "तेव्हा आपण कशावरून असं ठरवलं?" असं कुणी विचारलं, की तेच पान उघडता येईल.